गोल बिल्ल्याचं पार्सल

आमचे पोस्टमास्तर पत्रांना अहो-जाहो करत. धुळ्याहून आलेलं पाकीट फाटलेलं असलं की त्याला डिंक लावता लावता म्हणत, "फार दगदग झाली हो तुमची." मी मात्र त्यांच्या हाताखालचा कारकून, पंचवीस रुपये पगाराचा, वयानं बावीस, तो 'ए दिवट्या'. दिवट्या म्हणून हाक आली की मी मुद्दाम दुसरीकडे बघायचो. मग ते पत्रालाच सांगत, "बघितलंत? ऐकू येत नाही त्याला. तुम्हीच जरा हाक मारा."

तापी आणि सातपुडा यांच्या मधे आमचं तालुक्याचं गाव. लढाई सुरू व्हायच्या आधीचा तो हिवाळा. पोस्ट म्हणजे दोन खोल्या, मागे मास्तरांचं बिऱ्हाड, आणि पुढे एक निंब. मास्तर खाकी कोट घालत, खाली धोतर, डोक्याला बांधीव पगडी आणि दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल. एक लाल, एक निळी. तिसरी शोधत असत, ती दातात असे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी सुरतेला दिलेली. चहाचं मोठं वेड, पण थैलीच्या तोंडाला लाख लागून शिक्का बसल्याशिवाय चहाला शिवायचं नाही, हा नेम. डाक उशिरा निघाली की त्यांचं डोकं दुखायचं, कपाळाला सुंठ लावायचे, पण चहा नाही. "काम बाकी असताना चहा उतरतो कुठे?" असं म्हणत.

त्यांची सगळी मिजास एका गोष्टीवर होती. नोकरीच्या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी एकही पत्र 'पत्ता लागत नाही' म्हणून मुंबईला मेलेल्या पत्रांच्या कचेरीत धाडलं नव्हतं. एकही नाही! बेवारस हा शब्द कुणी उच्चारला तरी ते चिडत. म्हणत, "पत्ता असतोच. आपल्याला वाचता येत नाही, एवढंच."

एकदा एक कार्ड आलं. त्यावर पत्त्याच्या जागी लिहिलेलं, 'मामा, ज्यांच्या बैलाचं एक शिंग मोडकं आहे, तापीकाठ.' गावाचं नाव नाही, मामाचंही नाही. मी म्हटलं, द्या टाकून. मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या आईला शिवी दिली. पुढचे तीन आठवडे हा माणूस बाजाराच्या दिवशी बैलांच्या रांगेत शिंगं बघत हिंडला. लोकांना वाटलं, मास्तर आता शेती घेणार. दलाल मागे लागले. तिसऱ्या बाजारी मोडकं शिंग सापडलं, शिंगाखाली बैल सापडला, बैलामागे मामा सापडले. मास्तरांनी तिथंच मामांना उभं करून कार्ड दिलं आणि पोच मागितली. साध्या कार्डाला पोच नसते, मामांनाही ते ठाऊक होतं. पण मास्तरांपुढे बोलणार कोण? मामांनी बैलाच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. मास्तर म्हणत, पोच आल्याशिवाय पत्र गेलं असं धरायचं नाही, ते नुसतं आपल्याकडून सुटलं.

तर असा हा माणूस. ह्याच्या राज्यात एक कुत्रं आलं.

आलं ते असं. सरकी काढायच्या कापसाच्या जिनातल्या शेटजींची तार घेऊन मास्तर स्वतः जिनात गेले, मला बरोबर नेलं. अंगणात कापसाचे डोंगर. गडी कापूस कवेत घेऊन दाबाच्या पेटीत टाकत होते, पेटी भरली की दाब खाली येणार आणि गठाण बांधलं जाणार. मास्तर शेटजींना तार देत होते, तोच पेटीतून बारीकसा आवाज आला. कुणाच्या लक्षातही आला नाही. मास्तर मात्र तार हवेत धरून ओरडले, "बंद करा रे ते! कापूस शिंकना!"

गडी हसले. मास्तर हसले नाहीत. धोतर खोचलं आणि खाकी कोटासकट पेटीत उडी घेतली. आता पेटीत सरकारी पोस्टमास्तर उभा, म्हणजे दाब चालवणार कसा? शेटजी हात जोडून उभे. आत कापसात गटांगळ्या खात मास्तर ओरडत होते, "हाऊ पाहा! हाऊ पाहा!" चिडले किंवा हरखले की त्यांची शुद्ध मराठी सुटायची आणि अहिराणी बाहेर पडायची. शेवटी कापसाचा एक गोळा घेऊन ते वर आले. गोळ्याला चार पाय होते. गोळा पुन्हा शिंकला, मास्तरांच्या तोंडावर. सात-आठ महिन्यांचं कुत्रं, अंगानं तांबूस, एक कान उभा आणि एक आडवा, बरगड्या मोजून घ्याव्या अशा. कापसात ऊब धरून झोपलं असावं.

पोस्टात आणून त्याला दूध घातलं. दूध प्यायलं, वाटी चाटली, वाटी ढकलत निंबाभोवती तीन फेऱ्या मारल्या, माझा डावा जोडा उचलला आणि बाजारपेठेच्या दिशेनं गेलं. मी एका जोड्यानिशी मागे. ही आमची पहिली ओळख. मी कुत्र्यांचा भोक्ता नव्हतो, त्या दिवसापासून तर मुळीच नाही.

मी म्हटलं, "मास्तर, हे बेवारस..." आणि जीभ चावली.

"ह्यांचा पत्ता लावायचा आहे," मास्तर म्हणाले. कुत्र्यालाही अहो! "कुणाचे तरी आहेत हे. कुणाचे, ते आपल्याला अजून कळलेलं नाही. तोवर नाव ठेवायचं नाही. नाव ज्याचं तो ठेवील." मग त्यांनी एक कोरी चिठ्ठी घेतली, वर लिहिलं, 'एक नग, जिवंत,' आणि कोटाच्या खिशात ठेवली. नाव ठेवायचं नाही म्हटल्यावर सगळं गाव त्याला पार्सल म्हणू लागलं.

पार्सलच्या अंगात काय होतं कोण जाणे. ते चालत म्हणून नसे. दारातून आत यायचं तर पळत, बाहेर जायचं तर पळत, आणि जायचं नसलं तर जागच्या जागी शेपटीचा पाठलाग. लाखेची कांडी खाल्ली, लाल तोंड करून हिंडलं. तराजूच्या पारड्यात बसून स्वतःला तोलून घेतलं. मास्तर सकाळी त्याला घेऊन फिरायला जात, म्हणजे जाताना ते त्याला नेत आणि येताना ते मास्तरांना आणी. पगडी एका हातात, धोतराचा सोगा दुसऱ्या हातात, पुढे तांबडी वावटळ. पंचावन्न वर्षांचा माणूस फाल्गुनात लहान पोरासारखा दिसू लागला होता.

आणि चैत्रात त्यांना पेन्शन मिळणार होती. सुरतेला मुलीकडे जायचं ठरलेलं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, त्यात मुलगी, जावई, तीन नातवंडं. अंगण नाही. मास्तर मला एकदा म्हणाले, "जिना चढतील हो ते, तीन उड्यांत चढतील. पण वर जाऊन पळतील कुठे?" एवढं बोलून त्यांनी डोळ्यांपाशी पत्र धरलं. कोरं होतं ते. तेव्हा मला कळलं की ह्या माणसाला कुत्रं सोडवत नाही, आणि ठेवताही येत नाही. महिन्याभरात घर शोधायचं होतं.

पहिलं घर मिळालं ते ब्राह्मणपुरीच्या पटेलांचं. गुजर पाटीदार, तापीकाठी ऊस, केळी, दारी आठ बैल. माणूस मोठ्या मनाचा. म्हणाले, "मास्तर, आमना वाडा मोठा शे. जितलं पयनं तितलं पयू द्या." पळू द्या हवं तितकं! पार्सल बैलगाडीत बसून गेलं. तिसऱ्या दिवशी तीच गाडी परत. झालं असं की पटेलांच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. होणारे व्याही पगडी उतरवून पानाला चुना लावत होते. पगडी उचलून पार्सल केळीच्या बागेत शिरलं. पगडीचं एक टोक व्याह्यांच्या हाती राहिलं, दुसरं टोक बागेच्या पार पलीकडे. मधे पंधरा हात कापड, केळीच्या खांबांना वेढे घालत. मुलगी हसू लागली, तिला बघून नवरा मुलगा हसू लागला आणि लग्न मात्र तिथल्या तिथं ठरलं. पटेल म्हणाले, "पोरगीनं लगीन ठरनं, उपकार झाया. पन मास्तर, हाऊ कुत्रा नही, वारा शे वारा. याले परत ल्या."

मास्तरांनी खिशातली चिठ्ठी काढून लिहिलं, 'घेणाराने नाकारले. कारण: उत्साह.'

दुसरं घर गावातलेच एक निवृत्त फौजदार. देहानं वाळकं लाकूड, आवाजानं तोफ. "शिस्त लावतो ह्याला! आठ दिवसांत सलाम करील!" आठ कसले, चौथ्या दिवशी दुपारी फौजदार ओट्यावर बाजेवर झोपलेले. शिस्तीचा भाग म्हणून पार्सलची दोरी बाजेच्या पायाला बांधलेली. तेवढ्यात रस्त्यानं घुंगरांचा आवाज आला. घुंगरू वाजले की पार्सलला राहवत नसे, ते मी पुढे सांगतो. बाज ओट्यावरून खाली आली, फौजदारांसकट, आणि तशीच दोन घरं पुढे गेली. फौजदारांना जाग आली तेव्हा ते वाण्याच्या दुकानासमोर होते. आडवेच. वाणी म्हणाला, "काय देऊ साहेब?"

चिठ्ठीवर दुसरी ओळ पडली, 'घेणाराने नाकारले. कारण: वरीलप्रमाणे.'

आता घुंगरांचं. डोंगरातल्या धडगावची डाक तेव्हा हरकाऱ्यांच्या पायांवर जाई. आमच्या पोस्टातून डोंगराच्या पायथ्याला म्हसावदपर्यंत एक हरकारा, घाटात दुसरा, वर धडगावपर्यंत तिसरा. आमचा हरकारा रूमशा, जातीनं पावरा, घर डोंगरात, घरी बोलणं पावरी आणि आमच्याशी मोडकी अहिराणी. हातात भाला, भाल्याला घुंगरू. सकाळी थैली घेऊन पळत निघायचा, दुसऱ्या दिवशी येणारी थैली घेऊन पळत परत. रूमशा वाघाला भीत नव्हता. दोनदा समोर आला होता म्हणे. तो भीत होता कुत्र्यांना. त्याच्या दोन्ही पोटऱ्या गावोगावच्या दातांनी कोरलेल्या होत्या. वाटेत एक गाव होतं, तिथले कुत्रे त्याची वाटच बघत असत. आणि आता ऐन पोस्टातच हे कार्टं! घुंगरू वाजले की पार्सल त्याच्या मागे. भुंकत नसे, चावत नसे, नुसतं आनंदानं मैलभर पळत जाई आणि परत येई. रूमशाला आनंद काय कळणार? तो पळता पळता मागे दगड फेकी. दर खेपेला येऊन तक्रार, "मास्तर, ह्या कुत्राले बांधा. वाघ माले चालस, हाऊ नही चालस."

रूमशाला अक्षर येत नव्हतं. बहुतेक हरकाऱ्यांना येत नसे. म्हणून मास्तरांनी स्वतःची एक युक्ती काढली होती. थैलीच्या गळ्याला पत्र्याचा बिल्ला असे, तो त्यांनी कात्रीनं कापून घेतला होता. चौकोनी बिल्ला तापीकडे. गोल बिल्ला डोंगराकडे. ह्यात वाचायचं काही नाही. गोल दिसला की रूमशानं उचलायचा आणि पळायचं. अकरा वर्षांत एक थैली चुकली नव्हती.

मास्तरांची पेन्शन आठ दिवसांवर आली असताना गावात एक पिसाळलेलं कुत्रं फिरलं. दवंडी पिटली. बुधवारपासून गळ्यात पट्टा आणि बिल्ला नसलेलं कुत्रं दिसलं की विषाची भाकर. मास्तर त्या सोमवारी रात्री जेवले नाहीत. मंगळवारी सकाळी ते तिसऱ्या घराच्या शोधात बाहेर पडले आणि मी पोस्टात एकटा. पार्सल माझ्या उजव्या जोड्याकडे बघत बसलेलं. मला काय वाटलं कोण जाणे, मी सुतळीचा चार पदरी पट्टा वळला, कपाटाच्या खणात बिल्ल्यांचा ढीग होता त्यातला हाताला लागला तो एक ओवला आणि त्याच्या गळ्यात बांधला. बिल्ला असला म्हणजे झालं. तो गोल आहे का चौकोनी, इकडे माझं लक्षही नव्हतं.

दहा वाजता रूमशा थैली घेऊन निघाला. घुंगरू वाजले, पार्सल मागे गेलं. नेहमीचंच. पण एरवी अर्ध्या तासात परत येई ते आलं नाही. दुपारी नाही, संध्याकाळी नाही. मास्तर हाका मारत जिनापर्यंत जाऊन आले. कापसात हात घालून बघितलं.

बुधवार उजाडला. त्या दिवशीचं मला फार बोलवत नाही. गावाबाहेरच्या ओढ्यात मेलेली कुत्री नेऊन टाकत होते, आणि आमचे मास्तर पगडी काखेत मारून त्या ओढ्यात उतरले. एकेकाला बघत होते. मी काठावर उभा. वर आले तेव्हा म्हणाले, "ह्यांत नाहीत." मग काठावर बसले. "अठ्ठावीस वर्षं, दिवट्या," म्हणाले, "आणि शेवटच्या आठवड्यात माझ्या हातून गहाळ झाले." मी गळ्यात बिल्ला बांधल्याचं सांगितलं. ते उठून पोस्टाकडे चालू लागले.

पाचच्या सुमाराला घुंगरू वाजले. रूमशा आत आला, थैली टाकली, पण नेहमीसारखा पाणी प्यायला गेला नाही. टेबलासमोर उभा राहिला. तोंड फुगलेलं.

"मास्तर, तुमी चिठ्ठी नही दिधी. म्हसावदवाला माले बोलना."

"कसली चिठ्ठी?" मास्तर मान वर न करता म्हणाले.

"त्या पार्सलनी."

"कुठलं पार्सल?"

"हाऊच ना. तुमना कुत्रा! मागे वना, मी दगड उचला. मग पाह्यं तं गयामा गोल बिल्ला! डोंगरना! मंग काय करू? माले भ्याव वाटे, पन बिल्ला गोल शे. सुतळी बांधी आन लई गऊ. घाटवालाले दिधा. तो लई गया वर."

मग मास्तर उठले. लाल पेन्सिल पडली, निळी पडली. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले आणि मला गदागदा हलवलं. मला वाटलं, आता मार. "पत्ता होता!" ते ओरडले. "दिवट्या, पत्ता होता! गोल होता! तू लावला!" आणि इतके हसले, इतके हसले की टेबलावरची पगडी घरंगळली आणि रूमशानं ती भाल्यावर झेलली. मग ते रूमशाकडे वळले आणि ज्याला त्यांनी अकरा वर्षं 'ए रूमशा' म्हटलं होतं त्याला म्हणाले, "बसा."

शुक्रवारी दुपारी मास्तर घड्याळाकडे बघत होते. रूमशाला उशीर झाला होता. वीस मिनिटं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. शेवटी घुंगरू ऐकू आले, पण एरवी ते घाईनं खणखणत, आज सावकाश, एकेक करून. मास्तरांनी दारात जाऊन पाहिलं. रूमशा चालत येत होता! छाती पुढे काढून, भाला खांद्यावर, गावच्या पाटलासारखा. आणि त्याच्या पुढे पन्नास हातांवर पार्सल. पळत पुढे जाई, परत येई, रूमशाभोवती एक फेरी, पुन्हा पुढे.

थैलीत धडगावच्या पोस्टमास्तरांचं पत्र होतं. 'आपणाकडील एक जिवंत नग बिल्ल्याप्रमाणे पोचला. यादीत नोंद आढळत नाही. नग टेबलाखाली बसत नाही. बसल्यास टेबल उभे राहत नाही. घुंगरांच्या आवाजाबरोबर आपोआप परत येत आहे, सबब अडविला नाही.'

"रूमशा," मास्तर कठोर आवाज काढून म्हणाले, "डाकेनं पळायचं असतं. तू चालत कसा आलास?"

रूमशा पार्सलकडे बघत म्हणाला, "ते गाव शे ना, कुत्रावालं? अकरा वरीस मी त्या गावमाईन पयत गऊ. आज तेस्ना कुत्रा वनात, आन हाऊ पुढे गया. एकच डाव भुकना. सगया कुत्रा घरमा." त्याचा आवाज बारीक झाला. "आज मी त्या गावमाईन चालत गऊ, मास्तर. मानूस मायक."

माणसासारखा. असं म्हणून तो खाली बसला आणि पार्सलच्या आडव्या कानाला एक बोट लावलं. पार्सलनं ते चाटलं. "हाऊ माले द्या," रूमशा म्हणाला. "चालसू फक्त त्या गावमा. बाकी दोन्ही पयसूत."

आम्ही सगळीकडे घर शोधत होतो. वाडे बघितले, ओटे बघितले, बसून राहायला जागा कुठे मिळेल ते बघितलं. एक दिवसाआड पोस्टातून पळत जाणारं एक घर आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मास्तरांनी खिशातली चिठ्ठी काढली. मग म्हणाले, "घेऊन जा. पण पोच दे. अंगठा लाव इथं."

रूमशानं मान हलवली. "आते नही. दोन घरनी परत दिधा ना ह्याले? मंग? पावसायामा घाट वाईट ऱ्हास. तठे टिकना, तं पोच देसू."

मास्तरांना पोच नाकारणारा हा पहिला माणूस. ते खूश झाले का दुखावले, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही. त्यांनी पार्सलच्या गळ्यातली सुतळी सोडून नवी बांधली, गोल बिल्ला ओवला, गाठीवर लाख वितळवून टाकली आणि तिच्यावर सरकारी शिक्का उठवला. लाख गार होईपर्यंत ते त्याच्या कानात काहीतरी बोलत होते. पार्सल आयुष्यात पहिल्यांदा स्थिर उभं राहिलं. मग घुंगरू वाजले.

मंगळवारी मास्तर नंदुरबारच्या गाडीला गेले. मी सुरतेचा पत्ता मागितला. "तुला कशाला? शोध. धंदा आहे तुझा तो," असं म्हणून हसले. रूमशाच्या हाती मात्र त्यांनी पत्ता लिहिलेला कागद दिला होता, पोचेसाठी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. ते म्हणाले, "ए दिवट्या, पत्रं भिजतील."

पावसाळा आला, सातपुड्यात धो धो कोसळला, गेला. नवे पोस्टमास्तर तरुण, नियमाचे पक्के. त्यांनी पहिल्याच आठवड्यात बिल्ले सगळे एकाच मापाचे मागवले. रूमशालाही मग डाकेची वेगळी वाट मिळाली, घाटाच्या वरची, त्याच्याच घराकडची. त्यामुळे तो दिसेना आणि पार्सलही.

दिवाळीच्या आधी धडगावच्या थैलीतून एक कार्ड आलं. पत्त्याच्या बाजूला फक्त 'मास्तर, सुर' एवढंच. पुढचा सबंध कोपरा नव्हता. फाटलेला नाही, खाल्लेला. कडेला दातांची नक्षी. मागच्या बाजूला तिकडच्या शाळेतल्या गुरुजींचं वळणदार अक्षर: 'मास्तरांना रूमशाचा राम राम. पावसाळा गेला. पार्सल टिकलं. घाटात ते पुढे पळतं, मी मागे. त्या गावात कधी गेलो तर चालतच जातो. ही पोच.' खाली शाईचा अंगठा. त्याखाली गुरुजींचं स्वतःचं, 'ता. क. पत्ता मी पूर्ण लिहिला होता. कोपरा खाणारा आपल्या ओळखीचा असावा. रूमशाकडचा पत्त्याचा कागदही त्यानेच खाल्ला.'

नवे मास्तर कार्ड बघून म्हणाले, "पत्ता लागत नाही. मुंबईला पाठवा, मेलेल्या पत्रांत."

मी ते कार्ड खिशात टाकलं. हा गुन्हा होता. आज इतक्या वर्षांनी कबूल करतो. दिवाळीच्या रजेत मी गाडीत बसलो, नवापूर मागे गेलं, सुरतेला उतरलो आणि तिथल्या पोस्टाच्या मागच्या अंगणात जाऊन पत्रं वाटायला निघालेल्या शिपायांना विचारलं, "खाकी कोट, कानांवर पेन्सिली, दुसऱ्यांच्या पत्रांशी बोलतो, असा कुणी म्हातारा?" ते सगळे एकदम हसले. "पेला काका? ए तो रोज आवे छे!" रोज येऊन न लागणाऱ्या पत्त्यांचा ढीग घेऊन बसतात म्हणे, फुकट. शिपायांचं काम अर्धं झालं होतं. एक जण मला थेट जिन्यापर्यंत सोडून गेला.

मास्तर खिडकीपाशी बसले होते. बारीक झाले होते. मला बघून म्हणाले, "उशीर केलास." मी कार्ड पुढे केलं. त्यांनी आधी वाचलं नाही. खाल्लेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, एकेक दात मोजल्यासारखा. "सगळे दात शाबूत आहेत हो त्यांचे," म्हणाले. मग वाचलं. पुन्हा वाचलं. मग कार्ड कपाळाला लावलं आणि रडले, लहान पोरासारखे, मोठ्यानं. मीही रडलो. नातवंडं दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती.

मग डोळे पुसून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून ती जुनी चिठ्ठी काढली. 'एक नग, जिवंत.' 'घेणाराने नाकारले. कारण: उत्साह.' 'घेणाराने नाकारले. कारण: वरीलप्रमाणे.' कानावरची लाल पेन्सिल काढून त्यांनी खाली लिहिलं, 'पोचले,' आणि तारीख घातली.

मग आतल्या खोलीकडे तोंड करून मुलीला हाक मारली, "माय, चहा ठेव वं!"

आत काहीतरी भांडं पडलं. मुलगी धावत दारात आली. माझ्याकडे बघत म्हणाली, "सात महिने झाले, बाबांनी चहा घेतला नाही. विचारलं की म्हणायचे, काम बाकी आहे."